वाफ गेली कुठे

परवा दुपारी बाथरूमच्या छतावर डाग दिसला. मधे पिवळट, कडेला तपकिरी. वरच्यांकडून गळतंय म्हणावं, तर वर कुणी राहत नाही, गच्ची आहे. पाऊस जाऊनही महिने झालेले.

इलेक्ट्रिशियन आला, स्टुलावर चढला, फॉल्स सीलिंगचा एक तुकडा सरकवून त्यानं डोकं आत घातलं. आतूनच आवाज आला, "याला पाइपच नाहीये."

म्हणजे इतकी वर्षं आमचा एक्झॉस्ट फॅन इमानेइतबारे वाफ ओढत होता आणि दीड फूट वर नेऊन अंधारात सोडून देत होता. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती आमच्या डोक्यावरच होती. थंडीच्या सकाळी वाफ गार स्लॅबला टेकायची, तिचं पाणी व्हायचं आणि थेंबाथेंबानं खाली यायचं. स्लॅबवर काळी बुरशी धरली होती ती वेगळीच.

मी बेसावध होतो असंही नाही. जाळीला टिश्यू पेपर लावून बघायची मला खोड आहे. कागद चिकटला की पंखा ओढतोय. दर वेळी चिकटायचा. ओढलेली हवा पुढे कुठे जाते, हे कागदाला कसं कळणार?

मूळ काम करणाऱ्याला शिव्या घालणार होतो, पण जीभ रेटेना. आमच्याकडे 'काढून टाकलं' म्हणजे माळ्यावर टाकलं, असाच अर्थ आहे. हँडल तुटलेली सुटकेस, एका पायाची खुर्ची, सगळं 'काढून टाकलेलं' आहे.

लहानपणी ही भानगड नव्हती. पंखा भिंतीतल्या झरोक्यातच बसवलेला, पात्यांच्या पलीकडे थेट आकाश. एका वर्षी तिथे चिमणीनं घरटं केलं. आईनं स्विचवर चिकटपट्टी लावली आणि जाहीर केलं की पिलं उडेपर्यंत पंखा बंद. चिमणीची अंडी फुटायला बारा-तेरा दिवस, पिलं उडायला आणखी पंधरा. तो महिनाभर वाफ जावी म्हणून दार किलकिलं ठेवून अंघोळी झाल्या, आणि आत कुणीतरी आहे हे कळावं म्हणून प्रत्येकानं मोठ्यानं गायचं. बाबांना एकच गाणं यायचं, तेही अर्धं. आरशात चेहरा दिसत नसल्यानं ते दाढी अंदाजानं करायचे आणि चिमणीवर चिडायचे.

असो. पाइपचं सांगत होतो. चार इंची, भिंतीतून आरपार, बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिलेला, म्हणजे आत जमलेलं पाणी बाहेरच जातं. मी स्प्रिंगसारखा वाकणारा पाइप सुचवला, तर तो म्हणाला, त्याला झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. पंखा केवढा हवा याचं गणित मी पाकिटाच्या पाठीवर मांडलं. पाच बाय सात, उंची आठ, म्हणजे 280 घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची, तर मिनिटाला साधारण 37 घनफूट. 50 चा पंखा पुरे. त्यानं पाकिटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तो 50 चाच घेऊन आला होता.

मग त्यानं दाराखालची रबरी पट्टी काढून टाकली (खरोखर, कचऱ्यात). झुरळं येऊ नयेत म्हणून ती मी हौसेनं लावली होती. "खालून हवा आत आली नाही, तर हा बाहेर काय फेकणार?" अर्धा इंच फट पुरते म्हणे. अंघोळीनंतरही वीस मिनिटं चालू ठेवा, असंही सांगून झालं.

आता वारा सुटला की बाहेरची झडप टक् टक् वाजते. रात्री जाग आली की मी मोजत पडतो.

त्या घरातली चिमणीची पिलं ठरल्याप्रमाणे उडाली. स्विचवरची पट्टी मात्र कुणी काढली नाही. आम्ही ते घर सोडलं तेव्हाही ती तिथेच होती, कडा काळ्या पडलेली.

जाता जाता त्यानं विचारलं, "बाहेरून जाळी मारू का? नाहीतर पाखरं घरटं करतात."

मार म्हणालो. म्हणायला जरा वेळ लागला.