शंभर केयूचा माल ओघळला कसा?

तक्रार माझ्या टेबलावर आली तेव्हा सेल्सवाल्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता: रंगाऱ्याने पाणी जास्त घातलं. आमची फक्त सही हवी होती. गडद निळी शेड, नवी भिंत, रोलरने दुसरा हात मारला आणि अर्ध्या तासात वरपासून खालपर्यंत ओघळ लोंबले. त्याच बॅचचा तोच निळा रंग शेजारच्या हॉलमध्ये दुसऱ्या रंगाऱ्याने लावला होता, तिथे भिंत स्वच्छ. म्हणजे दोष माणसाचा, मालाचा नाही. तर्क इतका सरळ होता की मलाच त्याचा संशय आला.

मी इमल्शन पेंटच्या, म्हणजे पाण्यात बनणाऱ्या भिंतीच्या रंगाच्या, कारखान्यात क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघते. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर रंगांच्या छटा जुळवतो. खरा वेळ जातो माल किती घट्ट, किती पातळ हे बघण्यात. त्यासाठी प्रत्येक बॅच स्टॉर्मर नावाच्या यंत्रावर चढते. मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरणारं एक पातं, आणि ते त्या वेगाने फिरवायला लागणाऱ्या जोरावरून निघणारा एक आकडा, केयू (क्रेब्स युनिट). आकडा जितका मोठा, तितका माल घट्ट. या बॅचचा केयू १००. आमची हद्द ९८ ते १०२. कागदावर इतका देखणा माल महिन्याभरात गेला नसेल.

साइटवरून रोलरच्या ट्रेमधलाच उरलेला माल मागवला. त्याचा केयू आला ८८. सेल्सचा माणूस तिथेच उभा होता, त्याचा चेहरा खुलला. मी त्या रंगाऱ्याला फोन केला. म्हटलं, "दादा, पाणी किती घातलंत?" तो म्हणाला, "मॅडम, पाणी घालायला तो घट्ट होताच कुठे?"

या वाक्याची शहानिशा करणं अवघड नाही, पण ती करायचे कष्ट कोणी घेत नाही. अॅल्युमिनियमच्या वाटीत माल तोलायचा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा, पाणी उडून गेल्यावर उरलेलं पुन्हा तोलायचं. सोबत लिटरचं वजन. पाणी पडलं असतं तर दोन्ही आकडे घसरले असते. मी आमच्याकडच्या त्याच बॅचच्या राखीव नमुन्यात तेच कलरंट, म्हणजे शेड आणणारा दाट रंग, त्याच प्रमाणात घालून शेकरवर हलवलं आणि दोन्हींची तुलना केली. घन भाग तोच, वजन तेच. आणि आमच्या लॅबमध्ये असा टिंट केलेल्या, म्हणजे कलरंट घातलेल्या, नमुन्याचा केयूही ८८! थेंबभर जादा पाणी न घालता. आम्ही केयू मोजतो पांढऱ्या बेसचा, म्हणजे कलरंट घालण्याआधीच्या मालाचा. लोक भिंतीला लावतात तो टिंट केलेला माल. या दोन गोष्टींच्या मधे काय घडतं ते आमच्या फॉर्मवर कुठेच येत नाही.

पण नुसत्या ८८ ने ओघळ येत नाहीत. गेल्या वर्षीच्या बॅचचा राखीव नमुना तसाच टिंट केला तर तोही ९२ पर्यंत उतरला, आणि ती बॅच भिंतीवर शहाण्यासारखी बसली होती. म्हणून मी हे दोन्ही टिंट केलेले नमुने रिओमीटरवर घेतले. दोन थाळ्यांमध्ये माल धरून तो वेगवेगळ्या वेगाला किती घट्ट राहतो ते हे यंत्र मोजतं.

या यंत्राबद्दल मी जरा जास्तच बोलते, हे मला ठाऊक आहे. पण ते ज्याला नीट वापरता येत नाही त्याने दिलेला आलेख भिंतीला लावायच्याही लायकीचा नसतो. वरची थाळी खाली आणताना माल दाबला जातो आणि त्याची आतली वीण मोडते. ती पुन्हा जुळेपर्यंत थांबावं लागतं. न थांबता मोजलं तर आपण रंग मोजत नाही, आपण त्याला कसं दाबलं ते मोजतो. थाळी गुळगुळीत असेल तर कडेला पाण्याचा पातळ थर सुटतो, माल जागच्या जागी राहतो, थाळी त्यावरून घसरते आणि पडद्यावर खोटा पातळपणा दिसतो. म्हणून खरखरीत थाळी. कडा वाळू लागली की साय धरते आणि आकडे फुगतात. म्हणून झाकण आणि आत ओलावा. आमच्याकडे नवा माणूस आला की तो यातलं एक तरी गाळतोच, आणि आकडा मात्र तीन दशांश स्थळांपर्यंत देतो.

रोलर फिरतो तेव्हा शिअर रेट, म्हणजे मालाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग, सेकंदाला हजारोंच्या घरात असतो. तिथे दोन्ही नमुने जुळे भाऊ. स्टॉर्मरच्या, म्हणजे दहा ते शंभरच्या पट्ट्यातही फरक किरकोळ. मी वेग उतरवत नेला. सेकंदाला ०.३ च्या आसपास जुना नमुना ६० पास्कल-सेकंद (घट्टपणाचं माप) दाखवत होता आणि तक्रारीच्या बॅचचा ९.

भिंतीवर रंग लावल्यावर त्याला कोण ढवळतं? फक्त त्याचं स्वतःचं वजन. घनता गुणिले गुरुत्व गुणिले थराची जाडी. २०० मायक्रॉनचा ओला थर आणि लिटरला १.३ किलो वजन धरलं तर भिंतीलगतचा ताण जेमतेम अडीच पास्कल. एवढ्याशा ओढीने माल किती सरकतो हाच सगळा प्रश्न, आणि स्टॉर्मरचं पातं तो विचारतच नाही. हिशेब केला तर ९ वाल्याचा पृष्ठभाग मिनिटाला दीड मिलिमीटरहून जास्त खाली येतो, ६० वाल्याचा पाव मिलिमीटर. रंग धरेपर्यंत दहा मिनिटं गेली तर एकीकडे ओघळ, दुसरीकडे काहीच दिसत नाही.

शेजारच्या हॉलचं कोडंही इथेच सुटलं. तिथला रंगारी पातळ हात मारणारा. थर निम्मा केला की पृष्ठभागाचा वेग चौथ्या हिश्शावर येतो आणि खाली वाहणारा माल आठव्या. दोघांनीही पाणी घातलं नव्हतं. एकाने नवी भिंत एका दमात झाकायला भरपूर माल चढवला होता, म्हणजे काम मन लावून केलं होतं. त्याचीच मजुरी अडली.

कारण प्रॉडक्शनच्या नोंदीत सापडलं. सेल्युलोजचा थिकनर, म्हणजे माल घट्ट करणारा पदार्थ, नीट भिजला नाही की गुठळ्या होतात, गाळणी तुंबते, शिफ्ट लांबते. त्यांनी तो कमी केला आणि पॉलियुरेथेन जातीचा थिकनर वाढवून केयू पुन्हा १०० वर आणला. हद्दीत राहून केलेलं काम, कुणी नाव ठेवू शकणार नाही. पण सेल्युलोजच्या लांब साखळ्या पाण्यात गुंतून संथ वेगाला माल धरून ठेवतात. दुसरा थिकनर आपली पाण्याला टाळणारी टोकं एकमेकांना आणि रेझिनच्या, म्हणजे रंगाचा थर धरणाऱ्या पदार्थाच्या, कणांना चिकटवून जाळं विणतो. कलरंटसोबत येणारं सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन, नेमकं त्याच जागा बळकावतं आणि जाळं सुटतं. शेड जितकी गडद, तितकं कलरंट जास्त.

बिंगहॅम आणि ग्रीन यांनी १९१९ सालीच दाखवलं होतं की रंग हा साधा चिकट द्रव नाही, ठरावीक ताण ओलांडल्याखेरीज तो वाहायला लागत नाही. शंभर वर्षं उलटली, आम्ही अजून एका आकड्यावर गाडी सोडतो.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "एका शब्दात सांगा, उभ्या भिंतीवर हा वाहतो की नाही?" मी विचारलं, "किती वेळात?" ते चिडले. पण उत्तर तेच आहे. मी जुन्या, चांगल्या नमुन्यावर दीड पास्कलचा ताण ठेवून वाट पाहिली, तर तोही थांबला नाही, अगदी सावकाश सरकतच राहिला. १९८५ मध्ये बार्न्स आणि वॉल्टर्स यांनी हाच वाद उकरला होता: ज्याला आपण वाहण्याचा उंबरठा म्हणतो तो खरा की आपण पुरेसं थांबलो नाही? भिंतीपुरता हा वाद फिजूल आहे, कारण तोवर रंग वाळतो. पण उंबरठ्याचा एक पक्का आकडा स्पेसिफिकेशनमध्ये लिहा असं साहेब म्हणतात तेव्हा मला हाच आलेख आठवतो.

शेवटी रंगाऱ्यावरचा ठपका निघाला आणि माल बदलून दिला. टिंट केलेल्या नमुन्याचं संथ वेगाचं मोजमाप करायचं हेही मान्य झालं, फक्त गडद शेडसाठी. हद्द कुठे आखायची यावर अजून भांडण आहे. मी सेकंदाला ०.३ या वेगाला किमान ३० पास्कल-सेकंद म्हणते. प्रॉडक्शन म्हणतं १५, कारण त्यावर गेलं की रोलरच्या खुणा सपाट व्हायच्या आधीच माल आखडेल आणि मग त्या तक्रारी कोण झेलणार. त्यांचं हे म्हणणं चूक नाही. म्हणून सध्या १५ पासून ४० पर्यंतचे नमुने करून तीन वेगवेगळ्या जाडीचे थर उभ्या पाट्यांवर लावते आहे, आणि यावेळी रोलर त्या दोन्ही रंगाऱ्यांच्या हातात द्यावा असं मी लेखी कळवलंय. परवानगी आलेली नाही.