मंडळीच्या ग्रंथालयातील वाचन : अकराव्या महिन्याची नोंद

नगर येथील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) ग्रंथालयातील तिन्ही कपाटे क्रमाने वाचून काढावीत आणि कोणते पुस्तक कोणत्या वयाच्या वाचकाच्या हाती द्यावे हे ठरवावे, असा छंद मी गेल्या वर्षी लावून घेतला. दाखल-नोंदवहीत ४१२ पुस्तके आहेत. त्यांपैकी ८७ या महिनाअखेरपर्यंत वाचून झाली. दोन पुस्तके कसरीने इतकी खाल्ली आहेत की ती आता बांधणीलाही देता येणार नाहीत. वाचून झालेल्या पुस्तकाच्या पाठीवर मी रंगीत चिठ्ठी डकवते : शब्बाथशाळेतील, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील, मुलांसाठी हिरवी, तरुण संघासाठी पिवळी आणि प्रौढांसाठी तांबडी. या महिन्यात नव्या चिठ्ठ्या थोड्याच लागल्या, जुन्या मात्र बऱ्याच बदलाव्या लागल्या.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून झाली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राला मी पहिल्याच महिन्यात तांबडी चिठ्ठी लावली होती, कारण धर्मांतर, ताटातूट आणि संसाराची ओढाताण हे मुलांचे विषय नव्हेत, असे मला वाटले होते. एका रविवारी पावसामुळे मुले वर्गातच अडकली, तेव्हा हाताशी दुसरे काही नसल्याने मी पहिले प्रकरण मोठ्याने वाचू लागले. सत्तावन्नच्या बंडानंतर आजोबांना झालेली फाशी, त्या धक्क्यातून वडिलांच्या अंगात शिरलेले सोवळे आणि बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट, इथवर येताच नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “मग धुतल्यावर मीठ उरायचं कसं?” सगळा वर्ग हसला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या लेखिकेची वाक्ये मुळात बोलण्यातलीच आहेत, त्यामुळे ती कानाने लवकर कळतात. आता त्या पुस्तकावर तिन्ही चिठ्ठ्या आहेत. बालपणाची प्रकरणे मुलांना वाचून दाखवावीत. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावरचा विरह आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा हा भाग तरुणांनी वाचावा. आणि संपूर्ण पुस्तक, माझ्या मते, चाळिशीनंतर एकदा पुन्हा वाचावे. जातिभेद मनातून कसा गळून पडला हे सांगणारी पाने तर तरुण संघात चर्चेसाठी घ्यावीत अशी माझी आग्रहाची शिफारस आहे, कारण तेथे उपदेशाचा सूर कुठेही लागलेला नाही.

उलट अनुभव बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चा आला. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून १८५७ च्या या पुस्तकाचा मान मोठा आहे, आणि त्यातील विधवांच्या हकिकती, विशेषतः विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता हे ध्यानात ठेवून वाचल्या, तर अजूनही बोचतात. तथापि कथा पुढे सरकू लागली की मध्येच धर्मचर्चा येऊन बसते, आणि अठरा वर्षांच्या ज्या वाचकाला मी ते दिले त्याने ते चौथ्या दिवशी परत आणून ठेवले. मी पिवळी चिठ्ठी काढून तांबडी लावली आहे. आधी पंडिता रमाबाईंचे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेचे प्रवासवृत्त द्यावे आणि मग याकडे वळवावे, असा क्रम मला अधिक बरा वाटतो. रमाबाई तेथील शाळा, राज्यव्यवस्था आणि स्त्रियांच्या संस्था इतक्या चौकसपणे पाहतात की दहावीतला वाचकही त्यांच्याबरोबर सहज चालतो.

नारायण वामन टिळकांच्या फुलापाखरांच्या कवितांना हिरवी चिठ्ठी आहे आणि त्याविषयी वाद नाही.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) रचलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातीलच राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला; आमच्याकडे १९५६ ची देवनागरी आवृत्ती आहे. ओव्या सुमारे ११,००० आहेत. दिवसाला चाळीस ओव्यांचा नेम धरला, तर नऊ महिने लागतात. मी मनातल्या मनात वाचत होते तोवर जुन्या शब्दांशी अडखळून तिसऱ्या आठवड्यातच नेम मोडला. मग सासूबाईंनी सुचवले की ओवी ही म्हणायची असते. त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक टाइप दिसत नाही, म्हणून त्या ऐकतात आणि मी म्हणते. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या आखूड चरणाचा विसावा एकदा गळ्यात बसला की अर्थ मागोमाग येतो :

जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी।
कीं परिमळांमाजी कस्तुरी।
तैसी भासांमाजी साजिरी।
मराठिया॥

ही ओवी शब्बाथशाळेतील मुलांनी दोन रविवारांत पाठ केली, तेव्हा या ग्रंथाला केवळ तांबडी चिठ्ठी लावण्याचा माझा बेत रद्द झाला. ज्येष्ठ वाचकांसाठी मात्र निराळी अडचण आहे : ज्यांना हे पुराण सर्वांत जवळचे वाटते, त्यांनाच त्याची छपाई वाचता येत नाही. म्हणून निवडक दोनशे ओव्या मोठ्या अक्षरांत लिहून घेण्याचे काम मी हाती घेतले असून आजवर ६३ झाल्या आहेत.

पवित्र शास्त्राच्या भाषांतरांचा कप्पा अजून उघडलेला नाही. तेथे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर आहे, त्याच्याच शेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. पुढील महिन्यात एकच उतारा दोन्हींतून मुलांपुढे आणि महिला मंडळापुढे वाचून पाहणार आहे. ‘ख्रिस्तपुराणा’ची पाठ तूर्त कोरीच ठेवली आहे, चौथ्या रंगाचा कागद आणावा लागेल.