झहीर, २००६ च्या आधी आणि नंतर

कोल्हापुरातल्या शास्त्रीनगरच्या मैदानावर नवीन आलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "सर, माझी स्पीड किती पडत असंल?" त्यात पोरगा डावरा निघाला तर मी त्याला बाजूला घेऊन झहीर खान सांगतो. तोही २०११ च्या वर्ल्ड कपचा नव्हे, २००६ चा.

झहीर आपल्या श्रीरामपूरचा. जन्म १९७८ चा, वडील फोटोग्राफर. इंजिनिअरिंगच्या वाटेवरच्या पोराला वडिलांनीच क्रिकेटसाठी मुंबईला धाडलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढं चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन ही फास्ट बॉलरची शाळा, मग बडोद्याकडून रणजी आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारताची टोपी. तिथं यॉर्करवर (थेट पायापाशी पडणाऱ्या बॉलवर) ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची दांडी उडवली तेव्हा आमच्या गल्लीतले सगळे डावरे ताठ मानेनं फिरायला लागले होते. कोल्हापूर तसं कुस्तीचं आणि पेठापेठांतल्या फुटबॉलचं गाव. क्रिकेटमध्ये आमचा अभिमान म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर, १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. फास्ट बॉलरचं कौतुक इथं रुजवलं ते झहीरनं.

तो झहीर पळत यायचा, उंच उडी मारायचा आणि जीव काढून बॉल टाकायचा. २००३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पहिल्याच ओव्हरला १५ धावा गेल्या, ७ ओव्हरांत ६७. नंतर दुखापती झाल्या, संघातली जागा गेली. २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वॉर्सेस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला आणि ७८ बळी घेऊन आला.

तिथं त्यानं केलं काय? रनअप कमी केला, ती उडी काढून टाकली. स्पीड थोडी उतरली, पण बॉल हवा तिथं पडायला लागला. बॉल लपवायची त्याची रीत मी पोरांना हातात बॉल देऊन दाखवतो. एक बाजू घासून चकचकीत, दुसरी खरबरीत. बॉल जुना झाला की रिव्हर्स स्विंगमध्ये, म्हणजे हवेतल्या नेहमीच्या वळणाच्या उलट, तो चकाकीच्या बाजूला वळतो, म्हणून बॅट्समनची नजर त्या चकाकीवर. झहीर पळत येताना उजव्या पंजानं बॉल झाकायचा, अगदी टाकायच्या क्षणापर्यंत. बॅट्समनला वाचायला काही उरतच नाही. हे करताना पोरांची पहिल्यांदा लय बिघडते, बॉल पायावर पडतो. पडू दे. महिनाभरात हात आपोआप जागेवर येतो.

२००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला त्यानं सामन्यात ९ बळी घेतले आणि १९८६ नंतर प्रथमच आपण इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २०११ चा वर्ल्ड कप सगळ्यांना पाठ आहे: २१ बळी, फायनलच्या पहिल्या ५ ओव्हरांत ३ मेडन (एकही धाव न देता टाकलेल्या) आणि ६ धावांत १ बळी. शेवटच्या ओव्हरांत मार बसला हेही मी पोरांना सांगतो, कारण तो त्याच माणसाचा त्याच दिवसाचा हिशोब आहे.

त्याची किंमत मला सगळ्यात जास्त कळली ती त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर. पहिल्या दिवशी दोन बळी घेतल्यावर मांडीचा स्नायू धरला, तो बाहेर गेला, आणि मालिका आपण ४-० नं घालवली.

कसोटीत त्याचे ३११ बळी. शेवटची कसोटी वेलिंग्टनला, २०१४ मध्ये. न्यूझीलंडच्या मॅक्युलमनं त्रिशतक ठोकलं त्या डावात पस्तिशीतला झहीर १७० धावा देऊन ५ बळी घेऊन गेला. त्या डावातला त्याचा एखादा स्पेल यूट्यूबवर मिळाला तर बघा आणि फक्त त्याच्या उजव्या हाताकडं लक्ष ठेवा.