चित्राला लेखाशीर्ष नसतं

आमच्या चौकात शाळा सुटली की रिक्षा, टेम्पो आणि दप्तरं सगळी एकदमच वळतात. कोपरा एवढा ऐसपैस होता की डावीकडे वळणारा ब्रेकला पायसुद्धा लावायचा नाही.

पहिला प्रयत्न आम्ही घरचाच केला. रविवारी सकाळी ऑइल पेंटचे दोन डबे आणून झेब्रा पट्टे मारले. पहिल्याच सरीत त्यावरून एक स्कूटर घसरली. लागलं कुणाला नाही, आरसा मात्र वर्गणीतून भरून द्यावा लागला. रस्त्याच्या रंगात रात्री चमकायला काचेचे बारीक मणी आणि घसरू नये म्हणून खरखरीत कणी घालतात, हे ज्ञान तेव्हाचं.

मग 2023 साली पुणे महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाचा, म्हणजे नागरिकांनी स्वतः काम सुचवायचा, अर्ज भरला. ही सोय 2006 पासून आहे, एका कामाला 5 लाखांपर्यंत. नगरसेवकांची मुदत संपलेली, प्रशासकांचा कारभार, त्यामुळे चिठ्ठी कुणाची आणायची हा प्रश्न आपोआप मिटला. कामाच्या रकान्यात मी अभिमानानं लिहिलं : चौकात रस्ताचित्र काढणे.

कनिष्ठ अभियंता वाचून हसले. "मॅडम, चित्राला लेखाशीर्ष कुठून आणू?" लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं ठरलेलं खातं.

मी ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकेतल्या देणगी देणाऱ्या संस्थेच्या अहवालाची प्रिंट पुढे सरकवली. अमेरिकेतल्या 17 ठिकाणी रस्त्यावर रंगकाम केल्यानंतर पादचारी-सायकलवाल्यांचे अपघात निम्म्यावर आले, असं 2022 च्या अभ्यासात आहे. तिकडे ही संस्था अशा कामांना शहरांना तेव्हा 25 हजार डॉलरपर्यंत अनुदान द्यायची. साहेबांनी चष्मा सरळ केला. "सतराच? आणि नुसता रंगच मारला, की कोपरेही आवळले?"

प्रश्न बरोबर होता, आणि माझं घोडं तिथेच अडलं. वेग रंगाला घाबरून कमी होत नाही, वळण आवळल्यानं होतो. लोक ते आवळलेलं वळण सहन करतात, त्यात रंगाचा वाटा असावा, असं माझं आता मत आहे.

त्यांनीच वाट काढली. दरसूचीत चित्राचा दर नाही, पण रोड मार्किंगचा आहे, चौरस मीटरवर. म्हणून अर्जावर खाडाखोड करून लिहिलं : पादचारी सुरक्षेसाठी कोपरा अरुंद करणे, बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) बसवणे व पृष्ठभाग रंगवणे. पूर्वगणनपत्रकात, म्हणजे खर्चाच्या अंदाजात, चित्रकाराचं मानधन बसेना, ते सोसायट्यांनी उचललं. वर्गणीची वही घेऊन फिरायचं काम अर्थातच माझ्याकडे.

वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला मिळायला सर्वांत जास्त वेळ गेला, तोही चित्रापायी. मुलांनी ठिकरीची घरं सुचवली होती. हवालदार म्हणाले, "ताई, घरं काढलीत तर पोरं रस्त्यात खेळायला बसतील." खरंच की! झेब्र्याला तर हातच लावायचा नाही, पट्टे पांढरेच, ही अट पहिल्या दिवसापासून होती. शेवटी रांगोळीचे ठिपके ठरले, तेही फक्त बोलार्डच्या आतल्या भागात, जिथे चाक येत नाही. ठिपक्यांचा एक फायदा असा की पत्र्याचा छाप ठेवून कुणीही रंगवू शकतं. कला महाविद्यालयाची चार मुलं होती, बाकी आम्ही. गुडघे धरून बसलेले.

मंजुरी अंदाजपत्रकात आली, निविदा निघाली, आणि पुढच्या मे महिन्यात एका रात्रीत काम झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना पलीकडे जायला पूर्वी 22 पावलं लागायची, आता 14. त्यांनी स्वतः मोजली, मला फोन करून सांगितली. टेम्पोवाले अजून कुरकुरतात, पण वळताना थबकतात.

दोन पावसाळ्यांत कडेचे ठिपके फिकटले. नवा अर्ज भरलाय. कामाच्या रकान्यात या वेळी 'चित्र' हा शब्दच नाही : पादचारी सुरक्षा, पृष्ठभाग पुन्हा रंगवणे, इतके चौरस मीटर.