बसला आहे की बसत आहे?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी स्टोअरकीपर आहे. शिक्षण मराठी माध्यमात झालेले असल्यामुळे, बढतीसाठी इंग्रजी बोलता येणे आवश्यक ठरले तेव्हा मी नौपाड्यातील एका क्लासमध्ये नाव घातले. चालू वर्तमानकाळ तेथे एका संध्याकाळीच उरकण्यात आला: कर्त्याप्रमाणे ॲम, इज किंवा आर आणि पुढे क्रियापदाला ‘आयएनजी’. ‘राइट’चा शेवटचा ‘ई’ गळतो, ‘रन’चा ‘एन’ दुप्पट होतो, हेही पाठ झाले.

मी अडलो तो चित्रवर्णनाच्या चाचणीत. चित्र बागेचे होते आणि त्यावर 10 वाक्ये लिहायची होती. आजोबा बाकावर बसले आहेत, म्हणून मी ‘ही हॅज सॅट’ लिहिले. कुत्रा झोपला आहे, म्हणून ‘हॅज स्लेप्ट’. बाईने साडी नेसली आहे, म्हणून ‘हॅज वोर्न’. या सर्वांवर लाल फुल्या पडल्या. कारण विचारले असता सरांनी भिंतीवरचा तक्ता पुन्हा पाठ करण्यास सांगितले. फेरचाचणीसाठी 200 रुपये वेगळे भरावे लागले आणि तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. ‘बसला आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ आहे आणि पूर्ण वर्तमानकाळाला ‘हॅज’ लागतो, हे मला शाळेतच शिकवले गेले होते. मग माझे चुकले कोठे, एवढेच मला हवे होते, आणि तक्ता मी वीस वेळा उतरवून काढला तरी त्यात याचे उत्तर नव्हते.

उत्तर सापडले ते तलावपाळीच्या कठड्यावर. समोरच्या माणसांची वाक्ये मनात जुळवत असताना लक्षात आले की, ‘बसत आहे’ म्हटले की आपल्याला खाली टेकू लागलेला माणूस दिसतो, तर आधीच बसलेल्या माणसाला आपण ‘बसला आहे’ म्हणतो. इंग्रजीत मात्र तो बसून आहे तोवर ‘इज सिटिंग’च. झोपला आहे, उभा आहे, भिंतीला टेकला आहे, टोपी घातली आहे, या सर्वांची तीच गत. मराठी वाक्यातील ‘ला’, ‘ली’ पाहून काळ ठरवू नये. ती स्थिती या क्षणी टिकून आहे का, ते पाहावे. हे सांगायला सरांना दोन मिनिटे पुरली असती.

उलट बाजूचा खड्डा ‘माहीत आहे’चा. त्यातील ‘आहे’मुळे ‘आय ॲम नोइंग’ तोंडात येते, परंतु नो, वाँट, बिलाँग ही क्रियापदे सहसा या काळात येत नाहीत. ‘दहा वर्षांपासून ठाण्यात राहत आहे’ यालाही ‘ॲम लिव्हिंग’ चालत नाही. तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. स्पेलिंगचे एक सांगायचे राहिले: पहुडलेल्या कुत्र्यासाठी ‘लाय’ला ‘आयएनजी’ लावताना ‘आयई’ जाऊन ‘वाय’ येतो. आणि उद्याची भेट ठरलेली असेल, तर ‘आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो’ हे अगदी बरोबर आहे. मी ते उगाच खोडले होते.

फेरचाचणीत 10 पैकी 9 गुण मिळाले. एक गुण ‘द बॉय इज हॅविंग अ रेड बॅग’ने घालवला, जेवण ‘हॅविंग’ चालते, जवळ असलेली पिशवी नाही. तक्त्याखाली ‘बसला आहे’ची एक ओळ वाढवावी, असे मी सरांना लेखी कळवले. तक्ता अजून तसाच आहे.