दशावतारी गंजिफा : चाळीस पत्ते एका हातात मावायला हवेत

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले, खेळायचे गोल पत्ते; बदाम-इस्पिकसारखा इथे एकेक अवतार हा एकेक रंग. त्यातले मत्स्य आणि कूर्म हे दोन्ही रंग पुरे झाले, वराहाचे राजा-प्रधान बाकी आहेत. सावंतवाडीच्या पद्धतीचा १२० पत्त्यांचा जोड करतेय, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते : राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी.

आधी पत्त्याच्या अंगाबद्दल. जुन्या सुती धोतराचे दोन थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवले. चिंचोके भाजून, टरफलं काढून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि मंद आचेवर शिजवायचे. खळ दोन्ही बाजूंना सारखी बसली पाहिजे, नाहीतर पत्ता वाळताना वळतो. त्यावर खडूच्या पुडीचा हात देऊन गुळगुळीत गोट्यानं घोटलं. जाडी मुद्दाम कमी ठेवली आहे. तिघांचा डाव, वाटणी प्रत्येकी चाळीस. गोल पत्ते पंख्यासारखे धरले की प्रत्येकाची जेमतेम कडच दिसते. म्हणून जमिनीचा, म्हणजे चित्रामागचा, रंग अगदी काठापर्यंत न्यायचा. पत्ता कुठल्या अवताराचा, ते कडेवरूनच कळलं पाहिजे.

आजकाल गंजिफा फ्रेममध्ये दिसतात, चहाच्या कपाखालीही दिसतात. त्यानं चितारणाऱ्यांच्या हाताला काम मिळतं, ते मला मोलाचं वाटतं. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ही कला शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून आज आपल्याला काही बघायला तरी मिळतंय. पण भिंतीवरच्या पत्त्याला कड नसली तरी चालते, खेळणाऱ्याला चालत नाही. त्यामुळे काय बदलायचं आणि काय नाही, हे मी डावाला विचारून ठरवते. पोस्टर कलर वापरलेत, डावाची हरकत नाही. आकडे मात्र घातले नाहीत : सात मासे तीन-एक-तीन असे मांडले की मोजावे लागत नाहीत.

एक भर माझी आहे. मत्स्य ते वामन या पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून पुढे उलटं, प्रधानाखाली थेट एक्का. हुकूम नसलेल्या या खेळात नवा माणूस नेमका इथेच अडतो. म्हणून पुढच्या पाच रंगांच्या काठाला लाल दुहेरी रेघ देणार आहे. जुन्या चितारीला ती कदाचित खटकली असती, पण ती डावाच्या कामाची आहे, तेव्हा राहील.

रामाचा आणि कृष्णाचा राजा सगळ्यांत शेवटी. दिवसा डाव रामवाला उघडतो, रात्री कृष्णवाला. हे दोन पत्ते वाटणी उचलताक्षणी ओळखू आले पाहिजेत. रामाला हिरवी जमीन द्यायचं मनात आहे, कृष्णाचं अजून ठरलेलं नाही.

पाठीला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पातळ हात देतेय. पावसाळी हवेत चपडा पांढरट पडतो, त्यामुळे वराह संपला की लाखकाम थेट दिवाळीनंतर. तोवर नरसिंहाचे पत्ते कापून घोटून ठेवते. पत्ते फेसताना कडेचा रंग टिकावा म्हणून कोणी डिंकाचं प्रमाण वाढवून पाहिलं असेल तर जरूर सांगा.