अस्वलाच्या जंगलात जाताना डबा कुठं ठेवायचा

पुतण्या आणि सूनबाई पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात कॅम्पिंगला निघायलेत आणि इकडं नांदेडात वहिनीनं पार्सल भरायला घेतलंय, शेंगदाण्याची चटणी, येसर, लसणाचा ठेचा, करडीच्या तेलातलं लोणचं. पाठवा की, पण तिथं हे ठेवायचं कसं ते त्या दोघांना आधी माहीत पाहिजे, म्हणून लिहायलो.

तिथं काळी अस्वलं आहेत, नाव काळं पण कित्येक तपकिरीच दिसतात, आणि नाक असं की बंद गाडीतला वास बी कळतो. गाडीचं दार वरून धरून वाकवतात आणि आत शिरतात. म्हणून अंधार पडल्यावर गाडीत खायचं ठेवायला तिथं मनाई आहे, कॅम्पसाइटवर लोखंडी पेट्या दिलेल्या असतात, सगळं त्यात ठेवायचं आणि कडी नीट लागली का ते हातानं ओढून बघायचं. नियम मोडला तर दंड 5,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

आणि सगळं म्हणजे खरंच सगळं. टूथपेस्ट, साबण, डिओ, लिप बाम, लेकराचे वाइप्स, खाणं थंड ठेवायची रिकामी कूलर-पेटी, कारण अस्वलाला वास आला की ते खायचंच. ठेच्याचा डबा कितीही घट्ट लावा, बाहेरून तेलाचा ओघळ असतोच, म्हणून डबा पुसायचा आणि पुसलेला कागद बी पेटीतच टाकायचा. स्वयंपाक करताना घातलेले कपडे घालून तंबूत झोपायचं नाही.

आत जंगलात पायी जायचं असलं तर बेअर कॅनिस्टर लागतो, तिथं तो सक्तीचाच आहे. गुळगुळीत कडक प्लास्टिकचा गोल डबा, जबड्यात मावत नाही, नखाला पकड मिळत नाही, काहींचं झाकण तर नाण्यानं खाच फिरवून उघडतं. रात्री तो तंबूपासून 30 मीटर तरी लांब जमिनीवर ठेवायचा, कडा किंवा ओढ्याजवळ नाही, कारण अस्वल त्याला ढकलत नेतं. दोरी बी बांधायची नाही, दोरी धरून ते उचलून नेईल. झाडाला पिशवी लटकवणं योसेमिटीत चालत नाही, यलोस्टोन या अमेरिकेतल्याच दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात आतल्या कॅम्पवर मात्र त्यासाठी खांब असतात, तिथं पिशवी जमिनीपासून 10 फूट वर आणि खांबापासून 4 फूट लांब लागते. जाल तिथला नियम आधी वाचा.

मला लई वाईट वाटतं ते अस्वलाचं. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते परत परत येतं, भीत नाही, आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. चूक उघड्या पिशवीची, जीव त्याचा.

आपल्याकडं किनवटच्या जंगलात, पैनगंगेच्या काठानं, अस्वल आहे ते वेगळं. ते वाळवी, मध आणि मोहाच्या फुलांवर असतं, तुमच्या डब्यामागं तेवढं लागत नाही, पण खाण्यात गुंग असलं की त्याला माणूस आलेला कळत नाही आणि दचकलं की अंगावर येतं. मोहाच्या दिवसांत पहाटे निघालात तर बोलत, काठी आपटत चला. तंबूत गूळ, मध, केळी ठेवू नका. माहूरला देवीला जाताना घाटात जेवायला थांबणारे लई, त्यांनी उरलेला भात नि साली तिथंच न टाकता पिशवीत बांधून डिकीत ठेवाव्यात आणि गावात आल्यावर कचऱ्यात टाकाव्यात.